हरकती आणि सूचना पाठवायची शेवटची तारीख

सकाळी माझ्या विक्रीच्या खात्याचा डॅशबोर्ड उघडला तर पैसे काढायचं बटण राखाडी झालेलं. रक्कम दिसतेय, माझीच आहे, पण बटण दाबलंच जात नाही. मेलमध्ये तीन ओळी, नवीन नियमांच्या पूर्ततेसाठी तुमचं खातं पडताळणीत आहे, कृपया वाट पहा. किती दिवस ते नाही, कुठला नियम ते नाही, खाली कुणाचं नाव नाही. मी बारा वर्षं ऑनलाइन गणित शिकवतेय, व्हिडिओ फुकट असतात आणि सरावाचे संच विकत, त्या संचांवर माझं घर चालतं. तेवीस दिवस ते बटण राखाडी होतं. तीनदा तक्रार टाकल्यावर कळलं की ओळखपत्रावर माझ्या नावात वडिलांचं नाव आहे आणि खात्यावर नाही. एवढंच.

तो नियम मी नंतर शोधून वाचला. खोटी खाती काढून पैसे फिरवणाऱ्यांसाठी होता आणि खरं सांगते, नियम चांगला होता. माझ्यासारख्यांबद्दल त्यात एक शब्दही नव्हता. पण त्यात असं होतं की संशयास्पद खातं चालू ठेवलं तर दंड पैसे पोचवणाऱ्या मधल्या कंपनीला. आता लाखो खाती असलेली कंपनी काय करणार, एकेक माणूस तपासत बसणार का? जिथे थोडा जरी फरक दिसला ते खातं बंद. चुकून बंद केलं तर कंपनीला काहीच होत नाही, चुकून चालू ठेवलं तर दंड होतो, मग ती काय निवडणार हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

इंटरनेटवरच्या कायद्यांबद्दल माझं जे म्हणणं आहे ते सगळं या तेवीस दिवसांतून आलंय. कायदा लिहिणाऱ्याच्या डोळ्यासमोर एक मोठी कंपनी असते किंवा एक मोठा गुन्हेगार असतो, आणि तो कायदा खाली येईपर्यंत सापडतो तो हातावर पोट असलेला माणूस. कंपनीकडे वकील आहेत, गुन्हेगाराकडे दहा दुसरी नावं आहेत. आपल्याकडे एक खातं, एक चॅनल, एक दुकान. म्हणून अशा कायद्यांवर सगळ्यात आधी आणि सगळ्यात नेमकं आपण बोललं पाहिजे, कंपन्यांनी आपल्या वतीने नाही.

यातलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण अमेरिकेतलं. ऑक्टोबर २०११ मध्ये तिथल्या प्रतिनिधीगृहात सोपा (स्टॉप ऑनलाइन पायरसी ॲक्ट) नावाचं विधेयक आलं, सिनेटमध्ये त्याच वर्षी मे महिन्यात तसंच पीपा (प्रोटेक्ट आयपी ॲक्ट) आलेलं होतं. हेतू काय तर परदेशी साइटवरून होणारी पायरसी थांबवायची. हेतूला कुणाची हरकत असणार, माझे स्वतःचे संच लोकांनी फुकट वाटलेत, मला त्याचा राग किती येतो ते मलाच माहीत. पण सोपाच्या मूळ मसुद्यात एक तरतूद अशी होती की हक्क सांगणाऱ्याने नुसती नोटीस दिली की पेमेंट करणाऱ्या कंपनीने आणि जाहिरात कंपनीने ५ दिवसांत त्या साइटशी व्यवहार तोडायचा. कोर्टाचा निकाल नाही, सुनावणी नाही, आधी पैसे बंद आणि मग तुम्ही भांडत बसा. समोरच्याने उलट नोटीस द्यायची सोय होती, पण ज्याचं भाडं त्या महिन्याच्या पैशातून जायचंय त्याला पाच दिवसांत कायद्याच्या भाषेतली उलट नोटीस लिहून कोण देणार? तो वकील शोधेपर्यंत पाच दिवस संपलेले असतात. राखाडी बटण काय असतं ते बघितलं असल्यामुळे ही तरतूद वाचताना माझ्या पोटात गोळा येतो, इतकी वर्षं झाली तरी.

त्याच वर्षी कॅलिफोर्नियात आणखी एक गोष्ट झाली, ती कमी लोकांना माहितीये आणि मला ती जास्त शिकवणारी वाटते. बाहेरच्या राज्यातल्या ऑनलाइन दुकानांनी विक्रीकर गोळा करावा म्हणून जून २०११ मध्ये कायदा झाला, आणि त्यात असं धरलं गेलं की राज्यातली माणसं तुमच्या वस्तूंच्या लिंक देऊन कमिशन मिळवत असतील तर तुमचं अस्तित्व त्या राज्यात आहे. ॲमेझॉनने काय केलं, कर गोळा करण्याऐवजी राज्यातल्या हजारो ॲफिलिएट लोकांचे करार तोडून टाकले. कुणी पुस्तकांची परीक्षणं लिहीत होतं, कुणी कॅमेऱ्यांची तुलना करत होतं, त्यांचं उत्पन्न गेलं. सप्टेंबरमध्ये सरकार आणि कंपनी यांच्यात तडजोड झाली, कर गोळा करायची सुरुवात वर्षभर पुढे गेली आणि करार परत सुरू झाले. म्हणजे मधले अडीच-तीन महिने ती माणसं दोघांच्या सौद्यातली सोंगटी होती. कायदा करताना त्यांना कुणी विचारलं नाही आणि करार तोडतानाही नाही.

युरोपात तर आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असा प्रकार झाला. मोठ्या कंपन्या लक्झेंबर्गसारख्या कमी कराच्या देशात बसून सगळ्या युरोपाला डिजिटल माल विकायच्या. ते थांबवायला १ जानेवारी २०१५ पासून नियम बदलला, व्हॅट विकणाऱ्याच्या नाही तर घेणाऱ्याच्या देशाच्या दराने लागणार. ऐकायला अगदी रास्त. पण त्यात छोट्यांसाठी खालची मर्यादाच ठेवली नव्हती. म्हणजे घरी बसून विणकामाच्या नमुन्याची एक पीडीएफ विकणारी बाई आणि जगभर गाणी विकणारी कंपनी दोघींना एकच नियम. गिऱ्हाईक कुठल्या देशातलं आहे त्याचे दोन पुरावे गोळा करा, पुरावे एकमेकांशी जुळले पाहिजेत, आणि ते सगळं १० वर्षं जपून ठेवा. तेव्हा युरोपियन युनियनमध्ये २८ देश होते, दर वेगवेगळे. एक पीडीएफ विकायची आणि त्यासाठी दहा वर्षांचं दफ्तर सांभाळायचं. कित्येकींनी सरळ विक्री बंद केली, कित्येक जणी स्वतःचं दुकान बंद करून मोठ्या बाजारपेठवाल्या साइटवर गेल्या कारण तिथे हिशोब ती साइट करते, अर्थात कमिशन घेऊन. ज्या कंपन्यांना चाप लावायचा होता त्यांच्याच दारात छोट्यांना नेऊन उभं केलं.

मग त्या छोट्या विक्रेत्यांनी एकत्र येऊन हे मांडलं, आकड्यांसकट मांडलं, वर्षानुवर्षं मांडलं. २०१९ पासून १० हजार युरोंची वार्षिक मर्यादा आली, त्याखाली दुसऱ्या देशांत विकणाऱ्याला आपल्याच देशाचे नियम पुरतात, आणि १ लाख युरोंपर्यंतच्या विक्रीला दोनऐवजी एक पुरावा चालतो. चार वर्षं गेली त्यात. ती मर्यादा पहिल्या मसुद्यात लिहायला एक ओळ लागली असती.

आपल्याकडेही जीएसटीत असंच झालेलं आहे. दुकानात बसून माल विकणाऱ्याला ठराविक उलाढालीपर्यंत नोंदणीची गरज नाही, बहुतेक राज्यांत मालासाठी ती मर्यादा ४० लाख आहे, पण तोच माल ई-कॉमर्स साइटवर टाकला की पहिल्या रुपयापासून नोंदणी सक्तीची. का तर मसुदा लिहिणाऱ्याला ऑनलाइन विकणारा म्हणजे मोठा वाटला असणार. दुपारच्या वेळात चार पिशव्या शिवून विकणाऱ्या बाईला त्याच साच्यात बसवलं. १ ऑक्टोबर २०२३ पासून राज्यातल्या राज्यात विकणाऱ्या छोट्यांना यातून सूट मिळाली, राज्याबाहेर विकायचं तर अजून नोंदणी लागतेच. कायदा लागू झाला २०१७ ला. मधली सहा वर्षं कोण किती मागे पडलं याचा हिशोब कुठे मांडलेला नाही.

कॅनडाचं थोडक्यात सांगते. बातम्यांच्या लिंक दाखवणाऱ्या मोठ्या प्लॅटफॉर्मनी बातमीदारांना पैसे द्यावेत असा कायदा जून २०२३ मध्ये झाला. मेटाने ऑगस्टपासून फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर कॅनडात बातम्याच बंद केल्या. गूगलने वर्षाला १० कोटी कॅनेडियन डॉलर द्यायचं मान्य केलं, पण गावपातळीवरची जी छोटी बातमीपत्रं वाचकांपर्यंत फेसबुकवरूनच पोचायची त्यांचा रस्ता बंद झाला. ज्यांच्या भल्यासाठी कायदा केला त्यांच्यातलेच सगळ्यात लहान लोक बुडाले. मेटाने जे केलं त्याचं समर्थन मी करत नाही, मला ती अरेरावी वाटते, पण ती तसं करू शकते हे मसुदा लिहितानाच दिसत होतं.

आता कुणी म्हणेल की मग कायदेच नकोत का, इंटरनेट मोकाट सोडायचं का. अजिबात नाही. फसवणारे आहेत, मुलांना नादाला लावणारे आहेत, बायकांचे फोटो बदलून पसरवणारे आहेत, आणि कंपन्या स्वतःहून काही करत नाहीत हे आपण वर्षानुवर्षं बघतोय. कायदा पाहिजेच. उलट मला तर वाटतं आपलं खातं असं न सांगता बंद करायला बंदी घालणारा कायदा पाहिजे. भांडण कायद्याशी नाही, आंधळ्या मसुद्याशी आहे. खातं थांबवायच्या आधी कारण सांगा, पैसे अडवायचे तर किती दिवस ते ठरवा, अपील ऐकायला मशीन नको माणूस ठेवा, ठराविक उत्पन्नाखालच्यांना वेगळा सोपा नियम द्या आणि तयारीला सहा महिने तरी द्या. यातलं काहीही गुन्हेगाराला फायद्याचं नाही. सुक्याबरोबर ओलं जळू नये एवढंच मागणं आहे.

आणि बोलून काय होणार असं जे आपण एकमेकांना सांगतो ते खोटं आहे, त्याला पुरावे आहेत. सोपा आणि पीपाच्या निषेधात १८ जानेवारी २०१२ ला इंग्रजी विकिपीडिया पूर्ण दिवस बंद राहिला, रेडिट १२ तास बंद राहिलं. विकिपीडियाचं ते काळं पान १६ कोटींहून जास्त वेळा पाहिलं गेलं आणि ८० लाखांहून जास्त लोकांनी तिथून आपल्या प्रतिनिधीचा संपर्क शोधला. गूगलने त्यांच्याविरुद्ध काढलेल्या अर्जावर ७० लाखांच्या आसपास सह्या झाल्या. पीपावरचं मतदान २४ जानेवारीला व्हायचं होतं, २० तारखेलाच ते पुढे ढकललं आणि सोपाही बाजूला ठेवलं, ते दोन्ही परत आले नाहीत. युरोपात कॉपीराइटचा जो नवा निर्देश (म्हणजे सगळ्या सदस्य देशांना लागू करावा लागणारा कायदा) आला त्याविरुद्ध ५० लाखांवर सह्या झाल्या, तरी २६ मार्च २०१९ ला तो ३४८ विरुद्ध २७४ मतांनी पास झाला. हरलेच म्हणायचे, पण त्या भांडणात त्यात हे घातलं गेलं की तीन वर्षांपेक्षा नव्या आणि १ कोटी युरोंपेक्षा कमी उलाढालीच्या सेवांना हलके नियम, आणि विडंबन, उद्धृत करणं, टीका करणं याला संरक्षण. हरूनही ओळी बदलून घेता येतात.

आपल्याकडे प्रसारण सेवा विधेयकाचं तसंच झालं. नोव्हेंबर २०२३ मध्ये पहिला मसुदा आला. जुलै २०२४ मध्ये सुधारित मसुदा फक्त मोजक्या लोकांना दिला गेला, प्रत्येक प्रतीवर वॉटरमार्क घालून, म्हणजे फुटला तर कुणाकडून ते कळावं. त्यात चालू घडामोडींवर बोलणारे यूट्यूबर आणि इन्स्टाग्रामवर व्हिडिओ करणारेही येतील आणि त्यांना कंटेंट तपासायला समित्या वगैरे नेमाव्या लागतील अशा बातम्या आल्या. एका खोलीत एक कॅमेरा घेऊन बसलेल्या माणसाने समिती कुठून आणायची! लोक बोलले, खूप बोलले, आणि ऑगस्टमध्ये मंत्रालयाने जाहीर केलं की आणखी चर्चा करून नवा मसुदा काढू. ज्या कायद्याने आपलं काम बदलणार तो मसुदा आपल्याला वाचायलाच न मिळणं, याच्याइतकी चीड मला दुसऱ्या कशाची आलेली नाही.

पण कसं बोलायचं हे फार महत्त्वाचंय आणि तिथे आपण कमी पडतो. २०१५ च्या मार्चमध्ये ट्रायने, म्हणजे आपल्या दूरसंचार नियामकाने, नेट न्यूट्रॅलिटीवर (इंटरनेटवर सगळ्या साइटना सारखी वागणूक) चर्चापत्र काढलं, ११८ पानं आणि शेवटी २० प्रश्न. काही लोकांनी बसून त्या वीसही प्रश्नांची साध्या भाषेत उत्तरं तयार केली आणि सगळ्यांना दिली, दहा लाखांवर मेल गेले. त्याच वर्षाच्या शेवटी ट्रायने साइटनुसार डेटाच्या वेगवेगळ्या दरांवर दुसरं चर्चापत्र काढलं तेव्हा फेसबुकने फ्री बेसिक्सच्या, म्हणजे ठराविक साइट फुकट देणाऱ्या आपल्या योजनेच्या बाजूने आपल्या वापरकर्त्यांकडून लाखो मेल पाठवले. ट्रायने काय सांगितलं, यात आम्ही विचारलेल्या प्रश्नांची उत्तरंच नाहीत. ८ फेब्रुवारी २०१६ ला ट्रायने वेगवेगळे दर लावायला बंदी घातली. मला यातून जे कळलं ते असं की लाखाने पाठवलेलं पाठिंब्याचं पत्र बाजूला ठेवता येतं, पण प्रश्नाला दिलेलं उत्तर बाजूला ठेवायला त्यांना कारण लिहावं लागतं.

दुसरं म्हणजे कंपनी सांगते म्हणून बोलू नका. कायदा कंपनीला जड गेला की ती आपल्याला पुढे करते, क्रिएटरांचं पोट जाणार, छोटे दुकानदार मरणार, आणि तिला हवं ते मिळालं की आपल्याला विसरते. युरोपच्या कॉपीराइटच्या वेळी यूट्यूबने क्रिएटरांना बोलायला सांगितलंच होतं. कधी कधी तिचं आणि आपलं हित एक असतं, तेव्हा एकत्र बोलायला हरकत नाही, पण पत्र आपलं पाहिजे. तेवीस दिवस माझं बटण राखाडी करणारी कंपनीच होती, ती माझी वकील नाही होऊ शकत.

भीती वाटते हे मान्य आहे. ज्याचं सगळं एका खात्यावर आहे त्याला नियमाविरुद्ध लिहिताना वाटतंच की उद्या आपल्यावर नजर जाईल, माझ्या ओळखीच्या दोघी तिघी यामुळेच गप्प बसल्या आणि मी त्यांना दोष देत नाही. त्यासाठी एकत्र लिहा, पाच पंचवीस जणांनी मिळून एका पत्रावर लिहा. पण लिहा मसुदा असताना. कायदा झाल्यावर कोर्टात जायला पैसा आणि वर्षं लागतात, बैल गेला आणि झोपा केला असं होतं. हरकती आणि सूचनांना बहुतेक वेळा ३० दिवस मिळतात, कधी त्याहून कमी, आणि त्यातले पहिले वीस आपल्याला कळेपर्यंत जातात.

२०१५ ला मीही ते तयार उत्तरांचं पत्र पाठवलं होतं. शेवटी दोन ओळी माझ्या घातल्या, की मी शिकवते, माझे विद्यार्थी स्वस्त पॅकवाले आहेत, मोठ्या साइट त्यांना फुकट आणि माझी साइट पैशाने असं झालं तर ते माझ्याकडे येणार नाहीत. आज पत्र लिहिते तेव्हा त्या दोन ओळींनीच सुरुवात करते. मी कोण, महिन्याला साधारण किती मिळतं, कुठल्या कलमातल्या कुठल्या शब्दाने ते थांबेल, आणि तो शब्द कसा बदलावा. एक पान पुरतं. रागाचं वाक्य असेल तर ते खोडते, कारण वाचणारा अधिकारी रागाचं काही करू शकत नाही, शब्द मात्र बदलू शकतो.

मसुदा आला की मी आधी शेवटची तारीख कॅलेंडरमध्ये टाकते आणि मग व्याख्यांचं कलम उघडते. प्रकाशक म्हणजे कोण, मध्यस्थ म्हणजे कोण, विक्रेता म्हणजे कोण. आपण त्या कायद्यात आहोत की नाही ते तिथेच ठरलेलं असतं, आणि आपल्याकडच्या बहुतेक कायद्यांत ते दुसरं कलम असतं.